गोष्ट अडवून धरणारा माणूस

आमच्या ह्यांना साधी गोष्ट साधी सांगता यायची नाही. पेढीवरून आले की दारातूनच म्हणायचे, आज काय झालं ठाऊक आहे? आणि मग सावकाश चपला काढायच्या, पाय धुवायचे, टॉवेल मागायचा, तांब्याभर पाणी प्यायचं. मी आपली लाटणं हातात धरून उभी. माझी नणंद लीला बार्शीला बाळंत झाली तेव्हा तार ह्यांच्या हातात पेढीवरच पडली. घरी आले ते असा चेहरा पाडून, की मी मटकन खाली बसले आणि रडायलाच लागले. तेव्हा कुठे म्हणतात, मुलगी झाली, दोघी खुशाल आहेत. पुढचे दोन दिवस मी ह्यांच्याशी बोलले नाही. त्यांना त्याचंही कौतुकच. म्हणाले, बातमी तीच, पण आता तुला ती जन्मभर लक्षात राहील. राहिली की, न राहून जाते कुठे!

चिंतामणी बोरामणीकर हे त्यांचं नाव. सोलापुरात सुताच्या एका पेढीवर कारकून होते. बाळीवेशीजवळच्या एका गल्लीत आमच्या दोन खोल्या. दिवसभर दुसऱ्यांचे हिशेब लिहायचे आणि सकाळी लवकर उठून, चहा व्हायच्या आत, खिडकीशी बसून स्वतःचं लिहायचं. कथा लिहिल्या, त्या परत आल्या. नाटक लिहिलं, ते कुणी वाचलंही नाही. चाळिशीला आले तेव्हा सोमलिंगअप्पांनी त्यांना विचारलं. अप्पांचा छापखाना होता आणि तिथून ते एक साप्ताहिक काढायचे. त्यात बाजारभाव, लग्नाच्या जाहिराती आणि कुठल्या तरी सत्काराचे फोटो, दुसरं काही नसायचं. अप्पा म्हणाले, दर शनिवारी एक पान देतो, वाचक टिकेल असं काहीतरी लिहा.

वाचक टिकवायचा कसा, याचं ह्यांचं शिक्षण आमच्या गल्लीच्या नळावर झालं होतं. पाणी सकाळी तासभर यायचं. चंद्रव्वा नावाची एक म्हातारी तिथं आपल्या सुनेच्या कागाळ्या सांगायची. रंगात आली की नेमका तिचा हंडा भरायचा. मागची ओरडायची, चंद्रव्वा, भरला हंडा, उचल. ती हंडा कमरेवर घ्यायची आणि वाक्य अर्धवट टाकून चालू लागायची. सुनेनं ट्रंकेतून काय काढलं, ते दुसऱ्या दिवशीच. तोवर सगळी रांग हळहळत राहायची आणि दुसऱ्या दिवशी अर्धा तास आधी येऊन उभी राहायची. हे खिडकीत दाढी करता करता ऐकायचे. मला म्हणायचे, गावातली खरी कादंबरीकार ही. ते आपल्या लिखाणाबद्दल बोलतानाही तसंच बोलायचे. आज हंडा कुठे भरावा ते सुचत नाही, असं म्हणत डोकं धरून बसायचे.

त्यांनी जी कादंबरी सुरू केली तिचं नाव 'उघडं कवाड'. मंजुळा नावाची बाई, तिचा नवरा तिला सोडून परमुलखात गेलेला, आणि ती त्याची वाट बघतेय. एवढंच. यात वाचायचं काय, मी विचारलं. ते म्हणाले, तो येणार की नाही हे वाचायचं. आणि ते मी सांगणार नाही. त्यांचं एकेक शास्त्र होतं. एका प्रश्नाचं उत्तर द्यायच्या आधी दुसरा प्रश्न उभा करून ठेवायचा. फार रडवायचं नाही, रडवलं की पुढच्या पानावर थोडी आशा द्यायची, आणि ती पुरती द्यायची नाही. मंजुळेला ठाऊक नाही असं काहीतरी वाचकाला आधी कळू द्यायचं, म्हणजे वाचक तिच्यासाठी जीव टाकतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तपशील खरा हवा. माणूस खोटा चालेल, त्याची टोपी खरी पाहिजे, असं म्हणायचे.

आता टोपीचंच सांगते, कारण सगळं तिथंच बिनसलं.

आमच्या समोरच्या खोलीत सोजरबाई राहायची. मूळची वळसंगची, शेतकरी घरातली. गिरणीत सुताच्या कांड्या भरायच्या खात्यात होती. तिचा नवरा जोतीराम त्याच गिरणीत मागावर. भिवंडीला जास्त मिळतं म्हणून तो गेला. सुरुवातीला मनिऑर्डर आली, मग तीही बंद झाली. कुणी म्हणे सुरतेला दिसला, कुणी म्हणे दुसरी केली. पंच्याहत्तर साली त्याला जाऊन आठवं वर्ष लागलं होतं. बाई तिशीची, अंगानं काटक, तोंडानं खमकी. कपाळाचं कुंकू कधी पुसलं नाही तिनं.

तर हा जोतीराम पाळी संपवून आला की उंबऱ्याबाहेर थांबायचा, डोक्यावरची टोपी काढायचा आणि दाराच्या चौकटीवर दोनदा झटकायचा. कापसाची तुसं उडायची. मग आत जायचा. ह्यांनी ते खिडकीतून कितीदा तरी पाहिलेलं. मंजुळेच्या नवऱ्याला ह्यांनी तीच सवय दिली. आणि एका शनिवारी भाग संपवला तो असा, की दुपारची वेळ आहे, मंजुळा चुलीपाशी बसलीय, आणि बाहेर चौकटीवर कुणीतरी टोपी झटकल्याचा आवाज येतो. झालं, हंडा भरला.

सोजरबाईला वाचता यायचं नाही. दर शनिवारी दुपारी ती आमच्या उंबऱ्याशी येऊन बसायची आणि मी तिला तो भाग वाचून दाखवायची. टोपीच्या वाक्यापाशी तिच्या हातातल्या शेंगा तशाच राहिल्या. पुढं काय, ती म्हणाली. मी म्हटलं, पुढचं पुढच्या आठवड्यात. ती उठून गेली.

पुढच्या शनिवारी निघालं काय, तर शेजारी सतरंजी झटकत होता. मी ह्यांना म्हटलंसुद्धा, लाज नाही वाटत का हो. पण गावात ती कादंबरी अशी काही चालली की विचारू नका. साप्ताहिक आलं की पानाच्या टपरीवर लोक ते पान आधी उघडायचे. अप्पांचे अंक वाढले. ते घरी येऊन ह्यांना म्हणाले, यप्पा, काहीही करा, पण संक्रांतीच्या गड्ड्याच्या जत्रेपर्यंत त्या माणसाला घरी येऊ देऊ नका. हे खूश. आयुष्यात पहिल्यांदा कुणी त्यांना आणखी लिहा म्हणत होतं. ते सुख मी पाहिलंय, खोटं कशाला बोलू, मलाही बरं वाटत होतं.

दिवाळीत सोजरबाईचा भाऊ महिपती वळसंगहून आला. त्यानं तिच्यासाठी स्थळ आणलं होतं. त्यांच्यात पाट लावतात आणि आठ वर्षं नवऱ्याचा पत्ता नाही म्हटल्यावर जातीतल्या चार जाणत्यांनी मोकळीक दिली होती. माणूस करमाळ्याचा, कुंडलिक नाव, तिथल्या बाजारात मापाडी. बायको वारलेली, एक लहान मुलगी. तो एकदा भेटायलाही आला, मुलीला घेऊन. सोजरबाईच्या खोलीत बसणं बरं दिसेना म्हणून ती मंडळी आमच्याकडेच बसली. माणूस कमी बोलणारा, खाली बघून चहा पिणारा. त्या पोरीनं मात्र सोजरबाईकडून वेणी घालून घेतली आणि तिथंच तिच्या मांडीवर झोपून गेली. सोजरबाई पाय आखडले तरी हलली नाही. मी मनात म्हटलं, जमलं.

पण तिनं भावाला सांगितलं, गड्डा होऊ द्या, मग सांगते.

गड्डा कशाला, मी तिला विचारलं. तेव्हा तिनं आजूबाजूला बघितलं आणि हळू आवाजात सांगितलं. तिचं म्हणणं असं, की साहेबांच्या पेढीचा भिवंडीशी व्यवहार आहे. साहेबांना तिकडून जोतीरामचा पत्ता लागलाय. तोंडावर सांगायचा संकोच वाटतो, म्हणून ते गोष्टीतून हळूहळू सांगतायत, आणि गोष्ट गड्ड्याला संपणार. नाहीतर टोपीचं त्यांना कसं कळणार? ते तर तिच्याशिवाय कुणाला ठाऊकच नव्हतं. मी म्हटलं, अगं बये, ती मनानं रचलेली गोष्ट आहे, टोपी ह्यांनी खिडकीतून पाहिलीय. ती हसली. म्हणाली, तुमी तसंच म्हननार की वैनी. सायबांनी सांगू नगा म्हनलं आसंल. मी शपथ घेतली तरी तिचं एकच, सायबांनी सांगितलं तर ऐकेन.

म्हणजे आता हे ह्यांनीच सांगायला हवं होतं. करमाळ्याचा माणूस काही जन्मभर थांबणार नव्हता. त्याच्या घरात लहान पोर होती, तिला बघायला कुणी नव्हतं.

मी त्याच दिवशी ह्यांच्यापुढं सगळं मांडलं. आधी हसले. मग त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघून मला त्यांच्या डोक्यात तांब्या घालावासा वाटला. त्यांना अभिमान वाटत होता. म्हणाले, शकुंतले, असा वाचक मिळायला भाग्य लागतं. मी म्हटलं, ती वाचक नाही, समोरच्या घरातली बाई आहे, आणि तिचं घर वसायचं थांबलंय तुमच्यापायी. मग वरमले. सांगतो म्हणाले. या आठवड्यात सांगतो. तो आठवडा गेला. मग अप्पांनी जत्रेचा खास अंक काढायचं ठरवलं, त्यात गुंतले. मी रोज टोचत होते. शेवटी एका रविवारी सकाळी सदरा घालून निघाले. मी खिडकीतून बघत होते.

सोजरबाई दारात आली. ह्यांना बघून तिनं डोक्यावर पदर घेतला, दारातच पाट मांडला. हे बसले. आणि काय सांगू, ह्यांनी सुरुवात केली ती लांबून. तिचं कसं काय चाललंय, गिरणीत काम कसं आहे, माणसाच्या आयुष्यात काही गोष्टी अशा असतात की त्या ऐकायला मन घट्ट करावं लागतं. जन्माची खोड ती. मला समोरून तिचा चेहरा दिसत होता. ह्यांच्या एकेका वाक्याला तो उजळत चालला होता. तिला वाटलं, आता सांगतायत, आता तो येतोय. हे म्हणाले, "सोजरबाई, जोतीरामबद्दल तुम्हाला एक सांगायचं होतं..." आणि वर बघितलं. तिनं हात जोडले होते.

तिथंच थांबले हो. पुढचं वाक्य निघालंच नाही. पुन्हा येतो म्हणाले आणि उठून घरी आले. मला म्हणाले, तिचं तोंड बघितल्यावर धीर झाला नाही. त्यांना खरंच वाईट वाटत होतं, डोळे भरले होते. दगडावर डोकं आपटायचं तर दगड तरी निर्दय हवा. हा माणूस मऊ होता, तीच पंचाईत.

मी म्हटलं, तोंडानं जमत नाही तर लिहून सांगा. तुमच्या त्या नवऱ्याला मारून टाका एकदाचं. तो मेला असं लिहा, मंजुळेला दुसरं घर करू द्या, ती समजेल. त्यांनी हो म्हणून मान हलवली. पुढचा भाग ते नेहमीसारखाच मला न दाखवता छापखान्यात देऊन आले. छापून येईपर्यंत मला एक अक्षर दाखवायचं नाही असा त्यांचा नेम होता. तुला आधी कळलं तर गोडी काय राहिली, असं म्हणायचे.

संक्रांतीच्या आठवड्यात तो शेवटचा भाग आला. गावात जत्रेची गर्दी, नंदीध्वजांच्या मिरवणुकीसाठी रस्ते सजलेले. सोजरबाई गिरणीतून परस्पर आमच्याकडे आली, भाकरीचा डबासुद्धा हातात तसाच होता. मी वाचायला लागले. मला वाटत होतं, आता तार येईल, आता कुणीतरी निरोप घेऊन येईल. तसं काहीच येईना. मग टोपी झटकल्याचा आवाज आला. मी मनात म्हटलं, पुन्हा शेजारी असणार. आणि पुढच्या ओळीवर नजर गेली तेव्हा मी वाचायची थांबले. पण ती समोर बसली होती, माझ्या तोंडाकडे बघत. वाचावंच लागलं. दारात तो उभा होता. केस पिकलेले, टोपी हातात. मंजुळेनं फक्त ताट वाढलं. समाप्त.

सोजरबाई रडली नाही. तिनं तो अंक माझ्याकडून मागून घेतला, कपाळाला लावला आणि घरी गेली.

मी ह्यांच्यावर इतकी कधी चिडले नव्हते. काय केलंत हे, म्हटलं. ते म्हणाले, एवढी वर्षं वाट बघतेय बिचारी, निदान गोष्टीत तरी तिला सुख द्यावं असं वाटलं. माणसाच्या चांगुलपणाचा असाही राग येऊ शकतो, हे मला त्या दिवशी कळलं. त्यांना गावभर लोक रस्त्यात थांबवून हात मिळवत होते.

महिपती जत्रेला आला तेव्हा सोजरबाईनं त्याला सांगितलं, करमाळ्याला नाही म्हणून कळवा. तो तिच्यावर ओरडला, मग रडला, आमच्याकडे येऊन ह्यांना म्हणाला, तुमी तरी समजवा सायेब. हे खाली मान घालून बसले होते. महिना व्हायच्या आत कुंडलिकनं बार्शीकडची बाई केली. त्याचा काय दोष? त्यानं दिवाळीपासून वाट बघितली होती.

इकडे सोजरबाईनं खोलीला चुना लावून घेतला. ढिली झालेली बाज नव्या सुंभानं विणून घेतली. पाळीवरून धावत घरी यायची आणि दार उघडं टाकून बसायची. होळी आली तरी तसंच. गल्लीतल्या बाया आडून हसायला लागल्या होत्या. मला ते बघवेना.

धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी ती स्वतः आली. हे पेढीवर निघाले होते, डबा हातात. ती दारातच उभी राहिली. खमकी बाई, आवाज मात्र अगदी बारीक झाला होता.

"सायेब, गोष्टीत तर आला. आता कवा येनार तेवढं सांगा."

ह्यांनी डबा खाली ठेवला. तोंड उघडलं. मला वाटलं, आता परत लांबून सुरू करतील. पण नाही.

"मला माहीत नाही, सोजरबाई. जोतीरामचा मला काहीच पत्ता नाही. ते सगळं मी मनानं रचलं."

रागावली असती तर बरं झालं असतं. शिव्या दिल्या असत्या, तर तेही ह्यांनी घेतलं असतं.

"एवढंच व्हय," ती म्हणाली. "हे तर एका दमात सांगून झालं की."

आणि गेली. हे त्या दिवशी पेढीवर गेले नाहीत. खिडकीशी बसून राहिले. मी जेवायला वाढलं, ते तसंच राहिलं. त्यानंतर त्यांनी एक ओळ लिहिली नाही. सोमलिंगअप्पा दोनदा येऊन गेले, नव्या कादंबरीचं नावसुद्धा त्यांनीच ठरवून आणलं होतं. ह्यांनी हात जोडले. घरी आल्यावरही आता, आज काय झालं ठाऊक आहे, असं म्हणायचे नाहीत. जे असेल ते उंबऱ्यातच सांगून टाकायचे, दोन शब्दांत. इतकी वर्षं मी ज्या खोडीवर चिडत होते, ती गेल्यावर मला घर सुनं सुनं वाटायला लागलं. पण तसं म्हणायचं तोंड मला कुठं होतं?

सोजरबाई बरेच शनिवार आली नाही. समोरासमोर राहून आमची नजरभेट व्हायची नाही. पावसाळ्यात एकदा दुपारी अचानक उंबऱ्याशी येऊन बसली. म्हणाली, वैनी, गिरणीतनं आल्यावर घर खायला उठतंय, काहीतरी वाचा. मला इतका आनंद झाला, की मी वाचनालयातून आणलेलं जाडजूड पुस्तक घेऊन लगेच बसले. नवरा लढाईवर गेलेल्या कुणा बाईची गोष्ट होती. आतल्या खोलीत हे होते. ती आल्याचं कळलं तसा त्यांच्या खुर्चीचा आवाज थांबला. मी पहिलं पान उघडलं, तर तिनं माझ्या हातावर हात ठेवला.

"आदी शेवट वाचा, वैनी."

मी म्हटलं, अगं, मग मजा काय राहील? तिनं हात काही उचलला नाही. मी शेवटचं पान काढलं आणि वाचलं. त्यातला माणूस परत येत नव्हता.

"बरं," ती म्हणाली. तिनं पाय पसरले, पाठ भिंतीला टेकली. "आता पयल्यापासनं वाचा."